मदत हवी आहे : चार्टर शाळेकडून ऑनलाइन कोर्सची फी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात. मुलगी दहावीत, घरी राहून शिकणाऱ्यांच्या चार्टर शाळेत. शाळा सरकारी पैशावर चालते, त्यामुळे फी नाही. उलट दर मुलामागे ठरावीक रक्कम बाहेरच्या क्लासेससाठी मिळते. ती आपल्या हातात येत नाही, शाळाच परस्पर क्लासवाल्याला देते.

तिथेच घोळ झाला. मुलीला एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीचा गणिताचा कोर्स) ऑनलाइन करायचंय. जागा जातील या भीतीने मी कार्ड काढलं आणि भरून टाकले पैसे. आता शाळेतल्या शिक्षिका म्हणतात, आधी शाळेकडून परचेस ऑर्डर (खरेदीचा लेखी आदेश) निघायला हवी होती, पावती दाखवून पैसे परत मिळत नाहीत. शिवाय तो क्लास शाळेच्या मंजूर यादीतच नाही! (नवरा म्हणाला, "विचारलं असतंस तर?" असो.)

कुणी क्लासवाल्याकडून पैसे परत घेऊन तोच कोर्स शाळेमार्फत पुन्हा लावून घेतलाय का? यादीत नवीन नाव घालायला साधारण किती दिवस लागतात?

आणखी एक. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) प्रवेशाला ए-जी यादीतले, म्हणजे तिने ठरवून दिलेल्या शालेय विषयांतले, पंधरा कोर्स लागतात, त्यातले अकरा बारावीच्या आधी. बाहेरचा कोर्स त्यात धरला जाईल हे तुम्ही कुणाकडून लेखी घेतलंत? शिक्षिकेकडून की काउन्सेलरकडून? कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) शाळकरी मुलांना बहुतेक फुकटात शिकता येतं म्हणे, पण ही सकाळी आठला उठेल याची खात्री मला नाही.

क्लास सोमवारी सुरू होतोय, जरा लवकर सांगा.