‘शाळा’ ही कादंबरी केवळ स्मरणरंजन आहे का?

दादरकर

आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ चर्चेला घेतली होती. चर्चा रंगली खरी, परंतु थोड्याच वेळात प्रत्येक जण स्वतःच्या शाळेविषयी बोलू लागला आणि कादंबरी बाजूला राहिली. २००४ साली आलेल्या या पुस्तकाचे मोठेपण आपल्या आठवणी जाग्या करण्यापुरतेच आहे का? नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी मुलगी शिरोडकर यांच्या गोष्टीला आणीबाणीच्या काळाची खरोखरच गरज होती का? जाणकारांनी मत द्यावे.

पार्ल्याची वाचक

माझ्या मते स्मरणरंजन वाचक करतो, कादंबरी करत नाही. मोठा झालेला जोशी मागे वळून हळहळत ही गोष्ट सांगत नाही. नववीतला मुलगा त्या वर्षातच उभा राहून बोलतो, आणि म्हणून त्याच्या भाषेत शहाणपणाचा उशिरा आलेला सूर कुठेही लागत नाही. सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही मुले अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जमून कोण कोणाला लाइन देते याची जी गंभीर चर्चा करतात, तिच्याकडे लेखक कौतुकानेही पाहत नाही आणि वरून हसतही नाही; त्या वयात तो विषय जितका महत्त्वाचा असतो तितकाच तो पानावर राहतो. शिरोडकरच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला फारसे कळत नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मला मात्र तो कादंबरीचा प्रामाणिकपणा वाटतो, कारण जोशीला जे कळणे शक्य नाही ते वाचकाला चोरवाटेने सांगायचे लेखकाने टाळले आहे. पहिल्या प्रेमाचा बराचसा भाग मनातल्या मनात, समोरच्या माणसाच्या गैरहजेरीत घडतो, हे मराठीत इतक्या बारकाईने क्वचितच आले असेल.

गिरगावकर

आणीबाणीविषयी लिहितो. ती २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडे शाळा नुकत्याच उघडलेल्या होत्या. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि घराघरांत मोठी माणसे राजकारणावर आवाज खाली करून बोलू लागली. मुलांच्या कानांवर त्यातले तुकडेच पडत. कादंबरीतही आणीबाणी अशीच, अर्धवट समजलेल्या बोलण्यांतून येते. ज्या वर्गात मुलीशी चार शब्द बोलणेसुद्धा चोरून करावे लागते, त्या वर्गातील मुलांना बाहेरचा धाक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून हा काळ मला नुसता पडदा वाटत नाही. नरूमामासारखा मोकळेपणाने बोलणारा मोठा माणूस जोशीला इतका जवळचा वाटतो, त्याचेही कारण मला यातच दिसते. शिवाय त्या सुमारास जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली होती, त्यामुळे नववी हे बोर्डाच्या आधीचे शेवटचे मोकळे वर्ष होते.

मुलुंडहून

वरील दोन्ही मते पटली. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ हा चित्रपट पाहिल्यास पार्ल्याच्या वाचकांचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि तो सुंदरही आहे. परंतु कॅमेरा शिरोडकरचा चेहरा थेट आपल्यासमोर आणतो, आणि जोशीच्या मनातून गाळून आलेली शिरोडकर तिथे उरत नाही.

दादरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत स्वतःच्या आठवणी बाजूला ठेवून नरूमामा आणि जोशी यांच्या संवादांपासून सुरुवात करावी, असे सुचवणार आहे. एक विनंती राहिली: मुलीच्या बाजूने, तिच्याच तोंडून, इतक्याच निर्भीडपणे याच वयाविषयी लिहिलेली मराठी कादंबरी कोणाच्या वाचनात असल्यास येथे अवश्य कळवावे.