'टॅपेट टाईट' म्हणजे नक्की काय टाईट? (फट, गॅप, वाव, क्लिअरन्स)

जुन्या, भरपूर पळालेल्या डिझेल ट्रकच्या इंजिनाची देखभाल-पुस्तिका मराठीत करतोय. 'व्हॉल्व्ह क्लिअरन्स ॲडजस्ट करणे' याला आधीच्या माणसाने 'झडप-अंतर समायोजन' लिहून ठेवलंय, ते वाचून कुठलाही मिस्त्री पुस्तिका मिटून ठेवेल. गॅरेजात सगळे टॅपेट सेटिंग म्हणतात, पण टॅपेट तर वेगळा पार्ट आहे ना? आणि 'टॅपेट टाईट झालाय' म्हणतात तेव्हा टाईट काय होतं?

---

टॅपेट सेटिंगच लिहा, डोळे झाकून. हो, टॅपेट वेगळा, तो खाली कॅमवर (फिरणाऱ्या शाफ्टवरचा उंचवटा) बसतो, त्याच्यावर पुशरॉड म्हणजे उभी सळई, पुशरॉडवर रॉकर म्हणजे झुलणारी तरफ आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर. आपण स्क्रू फिरवतो रॉकरचा, मापाची पातळ पत्ती (फिलर गेज) घालतो रॉकर आणि दांडीच्या मध्ये, टॅपेटला बोटसुद्धा लागत नाही, तरी नाव त्याचंच. रूढ झालंय, सोडून द्या.

क्लिअरन्सला साधं 'फट' चालेल की.

---

फट नको हो. दार नीट लागलं नाही की राहते ती फट, म्हणजे दोष. इथे आपण मुद्दाम जागा सोडतो, कारण व्हॉल्व्ह तापला की लांबतो आणि जागाच नसेल तर तो मिटणारच नाही. याला 'वाव' शोभतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून सहसा त्याला वाव जास्त देतात, कमिन्सच्या ५.९ लिटर ६बीटीला इंजिन थंड असताना इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी, म्हणजे दहा थाऊ आणि वीस थाऊ. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पुस्तिकेत एकदा लिहून टाका.) दुसऱ्या इंजिनाचे आकडे वेगळे, त्या त्या इंजिनाच्या प्लेटवर बघायचे.

---

'वाव' आवडला, पण मूळ प्रश्न टाईटचा होता आणि खरा घोळ तिथेच आहे. टॅपेट टाईट म्हणजे वाव कमी झाला किंवा संपला. ऐकणाऱ्याला वाटतं सगळं घट्ट बसलंय, चांगलंच आहे, आणि होतं बरोबर उलटं, कारण रॉकर व्हॉल्व्हला किंचित दाबून धरतो आणि व्हॉल्व्ह सीटवर (मिटताना तो टेकतो ती कडा) घट्ट बसतच नाही. म्हणजे टॅपेट टाईट तर व्हॉल्व्ह ढिला! मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा) गळतं, सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, पांढरा धूर मारते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते ती वाट बंद झाल्यामुळे व्हॉल्व्हची कड जळते.

जास्त पळालेल्या इंजिनात हे विशेष, कारण दोन उलट्या झिजा एकदम चालू असतात. सीट आणि व्हॉल्व्हचं तोंड झिजलं की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडी रॉकरकडे येते, वाव कमी. रॉकर, पुशरॉडची टोकं, कॅम झिजले तर वाव जास्त. म्हणून एकाच इंजिनात एक टॅपेट टाईट आणि शेजारचा ढिला असं मिळतं. ढिला असला तर टकटक वाजून सांगतो तरी, टाईट मात्र गप्प. 'आता आवाज येत नाही, इंजिन मस्त झालं' हे वाक्य जुन्या गाडीबद्दल ऐकलं की मला जरा धडकीच भरते.

पुस्तिकेत 'वाव कमी / वाव जास्त' एवढंच ठेवा, टाईट-ढिला कंसात.

---

त्याच्यात भर. फिलर गेज हे मूळचं फीलर, म्हणजे चाचपणारं, पण बोलण्यात 'फिलर' झाल्यामुळे पोरांना वाटतं पत्ती भरायची, मग जाड पत्ती ठोसून घालतात. 'पत्ती हलकी घासत सरकावी' असं लिहा. आणि जुन्या रॉकरच्या तोंडाला खड्डा पडलेला असतो, पत्ती सपाट असल्याने त्यावरून पूल टाकल्यासारखी जाते, माप बरोबर दिसतं आणि खरा वाव जास्तच राहतो. असा रॉकर सेट करत बसू नका, बदला नाहीतर तोंड घासून घ्या.

---

आणखी एक शब्द जपून, 'टॉप', म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा. 'एक नंबर टॉपला आणा' एवढं लिहिलं तर अर्धवट, कारण चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा टॉपला येतो आणि आपल्याला कॉम्प्रेशनचा टॉप हवा. सहा सिलिंडरला फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असेल तर सहा नंबरचे दोन्ही रॉकर एकदम हलतात, एक्झॉस्ट मिटतोय इनलेट उघडतोय, तेव्हा एक नंबर बरोबर जागेवर.

---

सगळ्यांना धन्यवाद. असं लिहिलं: 'इंजिन थंड असताना टॅपेट सेटिंग करा. वाव मोजताना पत्ती हलकी घासत सरकावी. मग लॉकनट टाईट करा.'

---

शेवटचं 'आवळा' करा, नाहीतर परत टाईट आलाच. आणि नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवायचा आणि आवळून झाल्यावर पत्ती पुन्हा घालून बघायची, हे दोन्ही लिहा.