‘स्कॉफ’ कुठे वापरायचं? ‘मॉक’, ‘टॉन्ट’ का नाही?

अभ्यासिका_सदाशिव
गाळलेली जागा भरायची होती: ‘दे ___ ॲट द मेट्रो प्लॅन.’ पर्याय: रिडिक्यूल्ड, मॉक्ड, स्कॉफ्ड, टॉन्टेड. उत्तर ‘स्कॉफ्ड’. पण शब्दकोशात चारही शब्दांपुढे ‘टिंगल करणे’च दिलंय. मग बाकीचे तीन चूक कशावरून?

शनिवारकर
‘ॲट’वरून. रिडिक्यूल आणि टॉन्ट थेट कर्म घेतात, मध्ये काही लागत नाही. ‘मॉक ॲट’ जुन्या इंग्रजीत सापडतं, आज सहसा ‘मॉक्ड द प्लॅन’ असंच लिहितात. स्कॉफला मात्र ‘ॲट’ हवंच. कर्मणी प्रयोगातही ते सुटत नाही: ‘द प्लॅन वॉज स्कॉफ्ड ॲट.’ आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘दे स्कॉफ्ड मी’. ‘मला हसले’ डोक्यात असतं, त्यातला ‘ला’ इंग्रजीत गळून पडतो.

कोथरूड_व्याकरण
छटाही बघा. स्कॉफमध्ये ‘हॅ, हे कसलं होतंय!’ असा तुच्छतेचा सूर असतो, म्हणजे नाक मुरडणं. तो बहुधा कल्पना, दावा, इशारा यांच्यावर असतो. मॉकमध्ये बऱ्याचदा नक्कल असते, वेडावून दाखवणं. जीअर म्हणजे हुर्यो उडवणं. त्याला आवाज लागतो आणि शक्यतो गर्दी. टीझ खेळीमेळीचंही असू शकतं, स्कॉफ कधीच नाही.

टॉन्टबाबत जपून. मराठीत आपण ‘टॉन्ट मारला’ म्हणतो तेव्हा आडून मारलेला टोमणा अभिप्रेत असतो. इंग्रजी टॉन्ट तोंडावर असतो, समोरचा चिडावा म्हणूनच. पुणेरी पाटीवरच्या टोमण्याला ‘अ डिग’ जास्त शोभेल. आणि ‘ही हिट मी अ टॉन्ट’ कृपया नको.

डेक्कन_वाचक
ब्रिटिश बोलीत ‘ही स्कॉफ्ड द केक’ दिसलं तर गोंधळू नका. तिथे अर्थ ‘केक हादडला’. हे वेगळं क्रियापद आहे आणि त्याला ‘ॲट’ लागत नाही.

एक गंमत: अमेरिकेत दारूबंदीच्या काळात बेकायदा पिणाऱ्यांसाठी नवा शब्द सुचवायची स्पर्धा झाली, बक्षीस 200 डॉलर. 1924 मध्ये निवडला गेला ‘स्कॉफलॉ’, म्हणजे कायद्याला न जुमानणारा. पुढे तो दंड न भरणाऱ्या वाहनचालकांनाही चिकटला. आपल्या चौकाचौकांत तसे पुष्कळ भेटतील.

अभ्यासिका_सदाशिव
मग ‘ही स्कॉफ्ड ॲट मी ॲज अ विलेजर’ चालेल?

शनिवारकर
नाही. ‘अमुक म्हणून हिणवलं’ला ‘डिराइड’ घ्या: ‘ही डिराइडेड मी ॲज अ विलेजर.’ कारण सांगायचं असेल तर ‘मॉक्ड मी फॉर माय ॲक्सेंट’. आणि संवाद लिहिताना स्कॉफ एकटंही चालतं: ‘“नॉन्सेन्स,” ही स्कॉफ्ड.’ तिथे ‘ॲट’ नको, कारण बोललेलं वाक्यच त्याची जागा घेतं.