पतंगापासून वीज: येवलेकरांनो, बोला

आसारीवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पतंगाची वीज म्हणजे पोरखेळ, गुगलवाल्यांनीसुद्धा गाशा गुंडाळला." बंद पडली ती त्यांची मकानी कंपनी, 2020 मध्ये. तिचं यंत्र म्हणजे 26 मीटर पंखांचं विमानच, जनित्रं पंखांवर. नेदरलँड्सच्या काइटपॉवर कंपनीचा पतंग कापडी, जनित्र जमिनीवर. पतंग आडव्या आठच्या आकारात फिरवायचा. तो दोर ओढतो, ड्रम फिरतो, वीज होते. मग त्याचा कोन बदलून ओढ कमी करायची आणि थोडी वीज खर्चून दोर गुंडाळायचा. ढील देताना आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, कशी पळते हे येवलेकराला सांगायला नको! हे गणित माइल्स लॉइड या अमेरिकन अभियंत्यानं 1980 मध्येच मांडलंय.

ओझरकर: कागदावर सगळंच उडतं. वारा पडला की काय? आणि आमच्याकडे ओझरला सुखोई विमानं, देवळालीला लष्कराच्या तोफा. तीनशे मीटरवर दोर सोडायची परवानगी कोण देणार?

आसारीवाला: वारा पडला की पवनचक्कीही थांबते. उंचावर वारा जास्त असतो, आणि वेग दुप्पट झाला की ताकद आठपट.

पंचवटीची ताई: मला दोर म्हटलं की धडकी भरते. संक्रांतीला द्वारका चौकात माझ्या दिराचा गळा नायलॉन मांजानं चिरला, टाके पडले. हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी दुकानात मागच्या दारानं मिळतोच.

आसारीवाला: ताई, त्या दोराला काच लावलेली नसते.

पंचवटीची ताई: तुटून रस्त्यावर पडला तर? त्याचं उत्तर द्या.

सिन्नरचा भाऊ: दुकानदाराला काय बोलता, विकत कोण घेतं? आपलीच पोरं. सुती मांजानं पेच लावायला हिंमत लागते.

पंचवटीची ताई: पोरांना पैसे कोण देतं, भाऊ? आईबाप गच्चीवर उभे राहून टाळ्या वाजवतात!

सिन्नरचा भाऊ: माझ्या घरात नायलॉन येत नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

ओझरकर: मांजाचं वेगळं भांडा. आसारीवाले, एवढंच मान्य करतो: सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावर डिझेल जनित्राऐवजी चाललं तर चालू द्या. शहराजवळ नाही.

आसारीवाला: शहराजवळ लावा असं मी म्हटलंच कुठे?

पंचवटीची ताई: पाड्यावर माणसं राहत नाहीत का? दोराखाली किती जागा मोकळी ठेवणार, ते आधी लिहा.