माती परीक्षण : शेजाऱ्याच्या कार्डावर तेच आकडे का?

भाऊ, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या जमिनीच्या आरोग्यपत्रिकेवर (माती परीक्षणाच्या कार्डावर) सारखेच आकडे आले, म्हणजे प्रयोगशाळेने ढकलून दिलं, असं लगेच धरू नका. सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत कोरडवाहूला १० हेक्टरच्या आणि ओलिताला अडीच हेक्टरच्या चौकटीत एक नमुना असतो. चौकटीतल्या सगळ्यांना तोच अहवाल. स्वतःच्या वावराचं नेमकं हवं असेल तर नमुना वेगळा द्या.

गडबड बहुतेक वेळा नमुना घेतानाच होते. तूर-कापूस निघाल्यावर, शेणखत पडायच्या आधी, नागमोडी चालत ८-१० जागा धरा. धुरा, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा सोडा. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंमी खड्डा करा, माती काढून टाका आणि मग खड्ड्याच्या कडेची बोटभर जाड खाप वरपासून खालपर्यंत तासा. सगळं मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन फेका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. जस्ताचं घमेलं नको, जस्त वाढून दिसतं. खताची रिकामी पिशवी तर नकोच नको! संत्र्याला ०-३० आणि ३०-६० सेंमीचे नमुने वेगवेगळे लागतात.

खारपाणपट्ट्यातल्यांनी (पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्यांनी) सामू (पीएच) साडेआठच्या वर दिसला म्हणून थेट जिप्समची गाडी बोलावू नये. सामू जास्त चुनखडीनेही चढतो. विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला, जिप्समने सुटणारा सोडियम) आणि जिप्समची गरज या दोन चाचण्या मागून घ्या, मात्रा त्यावरूनच ठरते. शिवाय पाणी निघायला चर नसेल तर सुटलेला सोडियम तिथंच राहतो.