शाळेच्या वेळेत औषध: काय घ्यायचं, कुठे ठेवायचं, नोंद कशी करायची?

शाळा_कार्यालय
नमस्कार. आमच्या शाळेत पूर्णवेळ नर्स नाही, त्यामुळे मुलांची दुपारची औषधं देण्याचं काम कार्यालयाकडे आलं आहे. सध्या प्रतिजैविकाचं पातळ औषध, मिथाइलफेनिडेटची (अतिचंचलता आणि लक्ष न लागणं यासाठीची) गोळी, दम्याचा पंप आणि आकडीसाठी मिडाझोलामचा नाकातला स्प्रे अशी औषधं आहेत. काही पालक गोळी कागदाच्या पुडीत देतात, काही जण डोस फोनवर बदलून सांगतात. काय स्वीकारायचं, सगळं एकाच कुलूपबंद कपाटात ठेवायचं का, नोंद कशी ठेवायची?

औषधनिर्माता
आधी पालकांना विचारा की हे औषध शाळेतच द्यायला हवं का. दिवसातून तीनदा लिहिलेलं प्रतिजैविक बऱ्याचदा सकाळी, घरी परतल्यावर आणि झोपताना असं बसवता येतं. पालकांनी डॉक्टरांना विचारून तसं ठरवलं, तर तुमच्याकडची औषधं कमी होतील.

पुडीतली गोळी अजिबात घेऊ नका. मूळ वेष्टन, त्यावर मुलाचं पूर्ण नाव, औषधाची ताकद आणि मुदत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही असलेलं संमतीपत्र. फोनवर डोस बदलला तर जुना डोसही देऊ नका आणि नवाही नको. नवी चिठ्ठी येईपर्यंत पालकांनी येऊन स्वतः द्यावा.

पातळ औषधात सगळ्यात जास्त चुका होतात. एकाच नावाच्या पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या दिसायला सारख्या असतात; एकीत 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम, दुसरीत 250. ‘एक चमचा’ एवढ्याच सांगण्यावर दिलं तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही हवेत. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नको, बिनसुईची तोंडाने द्यायची सिरिंज घ्या. बाटली हलवा, सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून मोजा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात जोरात सोडलं की ठसका लागतो.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे प्रतिजैविक पाण्यात कालवल्यावर 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि साधारण 7 दिवसांनी टाकून द्यावं लागतं. कालवल्याची तारीख बाटलीवरच लिहा. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सतत वरखाली होतं.

आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, चावायलाही द्यायच्या नाहीत. पूर्ण दिवसाचा डोस एकदम सुटतो.

शालेय_परिचारिका
सगळं एकाच कुलपात ठेवू नका. मिथाइलफेनिडेट कुलपातच. घेताना पालक आणि तुम्ही मिळून गोळ्या मोजा, दोघांच्या सह्या घ्या, प्रत्येक डोसनंतर शिल्लक लिहा. पंप मात्र मुलाजवळ किंवा त्याच्या वर्गात हवा. खेळाच्या तासाला तोही मैदानावर गेला पाहिजे. मिडाझोलामला तुमच्याकडच्या नियमानुसार कुलूप लागत असेल, तर किल्ली कोणाच्या खिशात नको. त्याच खोलीत, किमान दोन प्रशिक्षित मोठ्यांना ठाऊक असलेल्या जागी हवी. आकडी चालू असताना किल्ली शोधण्यात मिनिटं जातात आणि आकडी जितकी लांबते, तितकी औषधाने थांबवणं अवघड होतं.

देताना एका वेळी एकच मूल. ‘तू अमुकच ना?’ असं विचारलं की मुलं मान डोलावतात, म्हणून नाव त्याच्याच तोंडून घ्या आणि नोंदवहीतल्या फोटोशी ताडून बघा. मग आधीची नोंद पाहा, आज कोणी दिलंय का? लेबल तीनदा वाचा: काढताना, मोजताना, परत ठेवताना. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास मागेपुढे सहसा चालतं.

नोंद गिळून झाल्यावर, लगेच, देणाऱ्यानेच करायची. आधी लिहून ठेवलं आणि मुलाने गोळी थुंकली, तर वही खोटं बोलते. रकाना कधी कोरा सोडू नका. ‘गैरहजर’, ‘नाकारलं’ असं लिहा. कोरा रकाना बघून दुसरा माणूस पुन्हा डोस देतो. उलटी झाली तर आपल्या मनाने परत देऊ नका. किती मिनिटांनी झाली, गोळी दिसली का, हे लिहून पालकांना कळवा. चुकलेला डोस पुढच्याबरोबर दुप्पट करून द्यायचा नाही.

शाळा_कार्यालय
खूप उपयोगी. पंप आणि स्प्रे प्रत्यक्ष कसे द्यायचे?

शालेय_परिचारिका
पंप: मुलाला ताठ बसवा, पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या प्लॅस्टिकच्या नळीला) लावा, एक पफ, मग स्पेसरमधून पाच-सहा साधे श्वास. पुढचा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम सोडले तर फुप्फुसात उलट कमी औषध पोचतं. नवा किंवा बरेच दिवस पडून असलेला पंप आधी माहितीपत्रकात दिलं असेल तितक्या वेळा हवेत सोडून घ्या. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवा. पुसल्यावर प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटून राहतं. दम्याचा झटका आल्यावर किती पफ द्यायचे हे मुलाच्या आराखड्यात (झटका किंवा आकडी आली तर काय करायचं याच्या डॉक्टरांच्या लेखी सूचनांत) लिहिलेलं हवं. एकेक करत 10 पफ झाले तरी आराम नाही, किंवा मुलाला वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पफ चालू ठेवा.

आकडी: सुरू होताच घड्याळ बघा. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, तोंडात काही घालू नका. आराखड्यातली वेळ, बहुतेकदा 5 मिनिटं, उलटली की स्प्रे. इथे एक फरक नीट बघा. एकदाच वापरायचा स्प्रे ‘चालतो का’ म्हणून दाबून पाहिला, तर सगळा डोस वाया जातो. अनेक डोसांच्या बाटलीचा पंप मात्र आधी दाबून भरून घ्यावा लागतो, आणि किती दाब द्यायचे हे चिठ्ठीवरच असतं. तुमच्याकडे कुठला आहे ते आजच बघून डब्यावर लिहा. दिल्यावर श्वासावर लक्ष ठेवा. 5 मिनिटांत थांबली नाही किंवा श्वास मंदावला तर रुग्णवाहिका. दिल्याची वेळ आणि रिकामं वेष्टन रुग्णवाहिकेतल्या लोकांच्या हाती द्या.

औषधनिर्माता
सहलीचं राहिलं. पंप आणि स्प्रे ही दोन्ही औषधं बसच्या सामानाच्या कप्प्यात नकोत, प्रशिक्षित शिक्षकाच्या खांद्यावरच्या पिशवीत हवीत, आराखड्याच्या प्रतीसह. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. मुदती सत्राच्या सुरुवातीला तपासा आणि उरलेलं औषध पालकांना सही घेऊन परत करा, मुलाच्या दप्तरातून पाठवू नका.