आईची रक्ताची जीन टेस्ट निगेटिव्ह, पण गाठीत बीआरसीए१ खराब, असं कसं?

कोपरखैरणेकर:
आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, हाय ग्रेड सीरस (वेगाने वाढणारा प्रकार), ऑपरेशन झालंय, किमो चालू आहे. रक्ताची जीन टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा जीवात जीव आला, पण आता गाठीच्या ब्लॉकचा (मेणात जपलेल्या तुकड्याचा) रिपोर्ट आलाय त्यात टीपी५३ आणि बीआरसीए१ या दोन्ही जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बिघाड, लिहिलंय. आमच्याकडे कुणालाच कॅन्सर नाही, मग हे आलं कुठून? मला आणि ताईला टेस्ट करावी लागेल का? ओपीडीत एवढी गर्दी होती की विचारायचं राहूनच गेलं.

लॅबवाली_ठाणे:
घाबरू नका. रक्तात नाही आणि गाठीत आहे म्हणजे आईंना ते जन्मापासून नव्हतं, नंतर कधीतरी एखाद्या पेशीत झालं आणि ते त्या गाठीपुरतंच आहे, तुम्हा बहिणींकडे येत नाही. टीपी५३ तर या प्रकारात जवळपास सगळ्यांचाच गेलेला असतो, २०११ च्या अमेरिकेतल्या टीसीजीए या कॅन्सरच्या जीनवरच्या मोठ्या अभ्यासात ३१६ गाठींपैकी ९६ टक्क्यांत निघाला. डीएनए तुटला की पेशीची वाढ थांबवायची, नाहीच जमलं दुरुस्त करायला तर तिला मरू द्यायचं, हे टीपी५३ चं काम; बीआरसीए१ चं काम तुटलेला डीएनए दुरुस्त करायचं. आणि सुरुवात बऱ्याचदा ओव्हरीत नसतेच, फॅलोपियन ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाला असते, तिथल्या दिसायला साध्या पेशींतही टीपी५३ आधीच बिघडलेला सापडतो.

कोपरखैरणेकर:
पण प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात ना? एक गेली तर दुसरी आहेच की

लॅबवाली_ठाणे:
म्हणूनच दोन्ही जाव्या लागतात, नड्सन या अमेरिकन डॉक्टरने १९७१ मध्ये डोळ्याच्या कॅन्सरवरून हेच मांडलं होतं. घराण्यातून येतो तेव्हा एक कॉपी जन्मतःच खराब असते, आईंच्या दोन्ही नंतर गेल्या. त्यात हे दोन्ही जीन १७ नंबरच्याच क्रोमोसोमवर, आणि या गाठींत त्याची एक अख्खी कॉपी बऱ्याचदा गळालेली असते, मग दोघांचीही चांगली कॉपी एकदमच जाते. काही गाठींत तर म्युटेशन नसतंच, बीआरसीए१ वर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट बसून तो नुसता बंद पडतो.

सीवूड्सचा_दादा:
माझ्या मावशीचंही अगदी असंच होतं. गाठीतला बीआरसीए औषधासाठी फार कामाचा आहे, किमोला चांगला रिस्पॉन्स आला तर नंतर ऑलापॅरिबसारख्या पार्प गोळ्या (डीएनए दुरुस्त करणारं पार्प हे एन्झाइम अडवणाऱ्या) देता येतात. पुढच्या वेळी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून याबद्दल स्पष्ट विचारा, प्रश्न कागदावर लिहून न्या, गर्दीत सुचत नाही.

लॅबवाली_ठाणे:
हो, आणि आईंची टेस्ट फक्त आईंच्या बाजूचं सांगते. बाबांकडे आत्या, आजी कुणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा होता का, ते एकदा घरी विचारून घ्या.